उतारवयाचे घर आणि त्याचा उंबरठा

गेल्या हिवाळ्यात इंदूरला राहणाऱ्या आमच्या मावशींबरोबर, केवळ ज्येष्ठांसाठी म्हणून बांधलेली एक वसाहत पाहण्याचा योग आला. यजमान गेल्यापासून मावशी एकट्याच असतात. मुलगा परदेशी, मुलगी दिल्लीस. वसाहतीच्या माहितीपत्रकात बाग होती, देऊळ होते, ग्रंथालय होते आणि हसतमुख आजी-आजोबाही होते. मावशींनी सारे शांतपणे पाहिले. मात्र भोजनगृहाच्या दाराशी येताच त्या थबकल्या. आत जाण्यास तीन पायऱ्या होत्या आणि धरावयास कठडा नव्हता. “म्हाताऱ्यांसाठीच बांधलंत ना हे? मग या पायऱ्या कुणासाठी?” त्यांनी विचारले. बरोबरच्या गृहस्थांना उत्तर सुचले नाही. परतताना मावशींनी दुसरा प्रश्न आम्हांस विचारला, “आणि सुट्टीत नातू आला, तर त्याला किती दिवस राहू देतील रे?”

वाचकहो, या दोन साध्या प्रश्नांत या विषयाचे दोन्ही पदर सामावलेले आहेत. पहिला मापांचा, दुसरा माणसांचा. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशातील साठीवरील माणसांची संख्या दहा कोटींहून अधिक भरली होती. त्यांतील बहुतेक आपापल्या कुटुंबातच राहतात आणि पुढेही राहतील. तथापि मुले दूरदेशी गेलेली, प्रकृती बेताची आणि गाठीस थोडी पुंजी असलेली अनेक जोडपी आज अशा वसाहतींचा विचार करू लागली आहेत. तेव्हा हे घर पाहावे कसे, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

कल्पनेचा उगम

ठरावीक वयावरील माणसांचेच गाव वसवावे, ही कल्पना अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात रुजली. १९५४ साली तेथे यंगटाउन नावाची वस्ती स्थापन झाली. तिच्या शेजारीच डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाने १ जानेवारी १९६० रोजी सन सिटीची दारे उघडली. गोल्फचे मैदान, दुकाने आणि करमणूक केंद्र आधी बांधून तयार होते. घरे मागाहून विकावयाची होती. पहिल्या दोनतीन दिवसांतच सुमारे एक लाख माणसे ती वस्ती पाहून गेली. निवृत्ती म्हणजे आयुष्याची अडगळ नव्हे, हा त्या योजनेचा संदेश लोकांस भावला.

परंतु त्या गावाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. तेथे मुले नव्हती. अर्थातच शाळांची गरज कोणास वाटत नव्हती. परिसरातील शाळांसाठी कर्जरोखे उभारण्याचे प्रस्ताव आले की तेथील मतदार ते वारंवार फेटाळीत. अखेर १९७० च्या दशकात ती वस्ती त्या शाळा-विभागातून वगळण्यात आली. वयाची भिंत एकदा उभी राहिली की ती केवळ घराभोवती राहत नाही, शेजारधर्मातही येते, हा त्यातील धडा होय.

मापांची भाषा

आता मावशींच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. आपल्याकडे केंद्रीय गृहनिर्माण व नगरव्यवहार मंत्रालयाने २०१९ साली निवृत्तिगृहांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. महाराष्ट्रात स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान मानके ठरवून दिली. त्यांतील काही मापे आपण वहीत टिपून ठेवावीत, इतकी ती उपयोगी आहेत.

दारे किमान ९०० मिलिमीटर रुंद असावीत. कारण उघड आहे: चाकांची खुर्ची हाताची बोटे न खरचटता त्यातून गेली पाहिजे. जिना १५०० मिलिमीटरहून अरुंद नसावा, त्याला दोन्ही बाजूंनी कठडे असावेत आणि एका टप्प्यात बाराहून अधिक पायऱ्या नसाव्यात. कठडा दोन्ही बाजूंस का? अर्धांगवायूने एक हात लुळा पडलेल्या माणसाला चढताना एका बाजूचा आधार मिळतो. उतरताना तीच बाजू उलट होते. एकाहून अधिक मजले असल्यास लिफ्ट हवीच, आणि मजला आल्याचे तिने डोळ्यांस व कानांस दोहोंसही कळवावयास हवे. स्वयंपाकघरात गॅसची गळती दाखविणारे यंत्र हवे, कारण वाढत्या वयात वासाची जाणीव मंदावते. न्हाणीघरात न घसरणारी फरशी आणि धरावयास भक्कम दांड्या हव्यात.

पायऱ्यांऐवजी उतार करावयाचा, तर त्याचे प्रमाण एकास बारा. म्हणजे पंधरा सेंटिमीटरच्या एका पायरीसाठी जवळजवळ दोन मीटर, नेमके सांगायचे तर १.८ मीटर लांबीचा उतार लागतो. साठ सेंटिमीटर उंच जोत्यासाठी सव्वासात मीटर जागा खर्ची पडते. ही जागा इमारत बांधून झाल्यावर सापडत नाही. ती नकाशातच राखून ठेवावी लागते. मागाहून ठोकलेले उभट उतार पाहिले की हे चटकन पटते. त्याचप्रमाणे चाकांची खुर्ची जागच्या जागी वळविण्यास सुमारे दीड मीटर व्यासाचे मोकळे वर्तुळ लागते. घर पाहण्यास जाल तेव्हा मोजपट्टी बरोबर न्या आणि न्हाणीघरात ते वर्तुळ बसते का, एवढे तरी मोजा.

प्रकाशाचा विचार बहुधा शेवटी होतो. तो आधी व्हावा. विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साठीतल्या डोळ्याच्या आतील पडद्यापर्यंत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. म्हणून दिवे अधिक हवेत, पण डोळे दिपवणारे नकोत. आरशासारखी चकाकणारी फरशी दिसावयास देखणी, परंतु तिच्यावर पडलेले ऊन वृद्ध डोळ्यांना पाण्यासारखे भासते. पायरीची कड मात्र वेगळ्या रंगाची असावी.

वयाची अट कोणासाठी?

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने मुलेबाळे असलेल्या कुटुंबांना घर नाकारण्यास बंदी केली. ज्येष्ठांच्या वसाहतींना मात्र अपवाद ठेवला. १९९५ च्या सुधारणेनुसार, वस्ती असलेल्या किमान ८० टक्के घरांत निदान एक व्यक्ती ५५ वर्षांची वा अधिक वयाची असली की ‘पंचावन्न वर्षांवरील’ वसाहतीस हा अपवाद लागू होतो. उरलेल्या २० टक्क्यांच्या सवलतीचे मोल सहज ध्यानात येत नाही. वयाने मोठा पती निवर्तला, तर पन्नाशीतल्या त्याच्या पत्नीला घराबाहेर काढण्याची पाळी येऊ नये, अशी सोय तिच्यामुळे होते.

नियमात अशी दया नसली की काय होते, हे यंगटाउननेच दाखविले. घरातील जाचाला कंटाळून एक मुलगा तेथे आजी-आजोबांच्या आश्रयास आला, आणि गावाने त्याच्या राहण्यास हरकत घेतली. प्रकरण राज्याच्या महाधिवक्त्यांपर्यंत गेले आणि १९९८ साली त्या गावाची वयाची अटच संपुष्टात आली. याउलट नेदरलँड्समधील डेव्हेन्टर येथील एका वृद्धगृहाने निराळी वाट धरली. तेथे काही विद्यार्थ्यांना भाडे न घेता खोल्या देतात. मोबदल्यात त्यांनी महिन्याकाठी तीस तास वृद्धांच्या सहवासात, शेजाऱ्याच्या नात्याने, घालवावयाचे असतात.

सही करण्यापूर्वी

म्हणून करारावर सही करण्यापूर्वी काही प्रश्न स्पष्ट विचारावेत आणि त्यांची उत्तरे लेखी घ्यावीत. नातवंडांनी किती दिवस राहावे? पतिपत्नींपैकी एक गेल्यास दुसऱ्याचा राहण्याचा हक्क कायम राहील काय? वारसाचे वय कमी असल्यास तो मालक होईल, पण राहू शकेल काय? मासिक सेवाशुल्क कोण आणि कशाच्या आधारे वाढविणार? २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बांधकाम करणारा, सेवा पुरविणारा आणि घर घेणारा अशा तिघांच्या कराराची कल्पना आहे, ती याचसाठी. बांधणारा उद्या निघून जाईल. रात्री दोन वाजता घंटेचे बटण दाबल्यावर कोणी यावयाचे, हे मात्र ठरलेले असले पाहिजे. शिवाय २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार लेखी करार नोंदविल्यावाचून किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हेही विसरू नये.

ज्यांच्या गाठीस पुंजीच नाही, त्यांचे काय? २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान दीडशे जणांचे एक वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारण्याची तरतूद आहे. वर सांगितलेली मापे तेथेही तितकीच महत्त्वाची आहेत. गुडघा गरिबाचा असो वा श्रीमंताचा, पायरी त्याला सारखीच उंच.

शेवटी, वाचकहो, ही मानके केवळ वसाहतींसाठी नाहीत. येत्या रविवारी आपल्याच घरात एक फेरी मारा. न्हाणीघराच्या दाराशी उंबरठा आहे काय? कमोडजवळ धरण्यास दांडी आहे काय? रात्री पलंगापासून तेथवर दिवा लागतो काय? या तीन गोष्टींना फार पैसा लागत नाही.

मावशींनी ती वसाहत घेतली नाही. त्या अद्याप इंदूरलाच आहेत. मुलीने येऊन न्हाणीघराचा उंबरठा काढविला आणि दोन दांड्या बसवून घेतल्या. “आता आणखी पाचसहा वर्षं काढीन इथं,” असे त्या म्हणतात. “पुढं जायचंच झालं, तर नातवाला आत येऊ देणारं घर शोधू.”