श्रेयांक वटतात कोठे?

अमेरिकेत पदवीधर होऊ पाहणाऱ्यांपैकी फार मोठा वर्ग आपल्या उच्च शिक्षणाचा आरंभ विद्यापीठात करीत नाही. गावातले वा शेजारच्या गावातले कम्युनिटी कॉलेज हा त्यांचा पहिला मुक्काम असतो. कारण तेथे फी थोडी, प्रवेशास अडकाठी जवळजवळ नाही, आणि दिवसा दुकानात किंवा गोदामात काम करून संध्याकाळचे वर्ग करण्याची मुभा. पहिली दोन वर्षे तेथे काढावीत, उरलेली दोन विद्यापीठात पुरी करावीत, म्हणजे निम्मी पदवी स्वस्तात पदरात पडते, हा त्यांचा हिशेब कागदावर अगदी बिनचूक आहे. तथापि अमेरिकी काँग्रेसच्या अखत्यारीतील गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस या लेखापरीक्षण खात्याने २०१७ साली जो अहवाल दिला, त्याच्या अंदाजाप्रमाणे २००४ ते २००९ या काळात एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत गेलेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक वाटेतच गळून पडले. एका सरकारी संस्थेतून दुसऱ्या सरकारी संस्थेत, म्हणजे बोलूनचालून एकाच घरातल्या दोन दालनांत, जाणाऱ्यांचेही नुकसान ३७ टक्क्यांच्या आसपास होते.

श्रेयांक, ज्याला कॉलेजातील मुले सरळ क्रेडिट म्हणतात, हे अभ्यासाच्या वेळेचे माप आहे. पंधरा आठवड्यांच्या सत्रात दर आठवड्यास वर्गात एक तास व्याख्यान आणि वर्गाबाहेर त्याच्या दुप्पट अभ्यास, यास एक श्रेयांक. असे साधारणतः १२० जमले म्हणजे पदवी. हे माप शिक्षणशास्त्राच्या गंभीर चिंतनातून निपजले असेल असे कोणास वाटल्यास नवल नाही, परंतु ते निपजले प्राध्यापकांच्या पेन्शनीतून. पोलादाच्या व्यवसायात गडगंज झालेल्या अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ साली कॉलेजातील शिक्षकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले, तेव्हा त्या निधीच्या विश्वस्तांपुढे पहिलाच प्रश्न उभा राहिला, की पेन्शनीस पात्र असे कॉलेज म्हणावे तरी कोणास. त्यांनी हायस्कुलातील अभ्यासाचे तासांवर आधारलेले एक एकक ठरविले, आणि अशी ठरावीक एकके पुरी केलेल्यासच जी प्रवेश देईल ती संस्था कॉलेज, अशी अट घातली. पेन्शनीच्या ओढीने ते एकक देशभर पसरले व त्याच धर्तीवर कॉलेजातही तासांचा हिशेब रूढ झाला. मोजण्याचे माप असे सर्वत्र एक झाले, पण त्या तासांत काय शिकविले आणि कितपत शिकविले याचा निर्णय मात्र ज्याच्या त्याच्या हाती राहिला. पुढच्या सगळ्या तंट्याचे मूळ हे आहे. श्रेयांक हा हुंडीसारखा असतो: ती लिहून देणाऱ्या पेढीची पत कितीही थोर असो, ज्या गावी ती दाखवायची तेथल्या सराफाने ओळख दिली नाही, तर ती वटत नाही.

समजा, एका विद्यार्थिनीने कम्युनिटी कॉलेजात संख्याशास्त्राचा तीन श्रेयांकांचा पाठ्यक्रम चांगल्या गुणांनी पुरा केला आणि मानसशास्त्राच्या पदवीसाठी ती विद्यापीठात दाखल झाली. प्रवेश-कार्यालय तिची गुणपत्रिका पाहून ते तीन श्रेयांक मान्य करते. दफ्तरात काही गमावल्याची नोंद नाही. मग तो कागद विभागाकडे जातो. तेथील अध्यापक म्हणतात, आमच्या संख्याशास्त्रात संगणकावरील प्रात्यक्षिके आहेत, यांच्या पाठ्यक्रमाच्या वर्णनात ती दिसत नाहीत, सबब हे श्रेयांक 'ऐच्छिक' या सदरात टाकावेत. ऐच्छिकाचे सदर तिचे आधीच भरलेले असते. परिणामी संख्याशास्त्र पुन्हा, त्याची फी पुन्हा, आणि संख्याशास्त्र झाल्यावाचून जो विषय घेता येत नाही तो एक सत्र लांबणीवर. सरकारी तक्त्यात मात्र तिचे श्रेयांक 'स्वीकृत' म्हणून झळकतात. त्या अध्यापकास दुष्ट समजण्याचे कारण नाही. अर्धवट तयारीची मुलगी पुढच्या वर्गात गटांगळ्या खाईल अशी त्याला प्रामाणिक धास्ती असते. पण ज्याने तिला शिकविले त्या शिक्षकास तो कधी भेटलेला नसतो, तीन ओळींच्या वर्णनापलीकडे त्या वर्गाविषयी त्याला काही ठाऊक नसते, आणि अज्ञानाच्या स्थितीत नकार देणे हाच त्याला सर्वांत निर्धोक मार्ग वाटतो.

या रोगावर सर्वांत आधी आणि सर्वांत नेटाने उपाय केला तो फ्लोरिडा राज्याने. राज्यातील कोणाही रहिवाशास घरून जाऊन-येऊन शिकता येईल इतक्या अंतरावर एक ज्युनियर कॉलेज, म्हणजे आजच्या भाषेत कम्युनिटी कॉलेज, असावे, असा आराखडा तेथे १९५०च्या दशकात जेम्स वॉटनबार्गर यांनी मांडला होता. कॉलेजे उभी राहिली तसा तेथून बाहेर पडणाऱ्यांचे पुढे काय, हा प्रश्न निकडीचा झाला, आणि १९७१ साली कॉलेजे व विद्यापीठे यांच्यात राज्यव्यापी करार झाला. त्यापाठोपाठ पाठ्यक्रमांना समान क्रमांक देण्याची पद्धत आली. तिचे बारकावे पाहण्यासारखे आहेत. पहिल्या वर्षाच्या इंग्रजी लेखनाचा क्रमांक 'ईएनसी ११०१'. पहिली तीन अक्षरे विषयाची; त्यापुढचा पहिला अंक कोणत्या वर्षाचा पाठ्यक्रम ते सांगणारा, आणि तो ठरविण्याची मोकळीक संस्थेला; उरलेले तीन अंक आशयाचे. अक्षरे आणि शेवटचे तीन अंक जुळले की दोन्ही पाठ्यक्रम समकक्ष, आणि समकक्ष असतील तर विद्यार्थ्याने तो आपल्याच वर्गात बसून केला असे समजून ते श्रेयांक मान्य करणे दुसऱ्या संस्थेवर बंधनकारक. इंटर्नशिप, चित्रकलेचे स्टुडिओतील काम अशा काही बाबी यातून वगळल्या आहेत. सामान्य शिक्षणाचे, म्हणजे मुख्य विषय कोणताही असो सर्वांना करावे लागणाऱ्या विषयांचे, ३६ श्रेयांक पुरे झाल्याचा दाखला एका संस्थेने दिला, की दुसरीने त्यात आणखी भर मागायची नाही, असाही नियम आहे. कोणत्या पाठ्यक्रमास कोणता क्रमांक द्यायचा, याची छाननी त्या त्या विषयाच्या अध्यापकांच्या समित्या करतात, हा या व्यवस्थेचा प्राण होय. कायद्याने आज्ञा दिली खरी, पण आज्ञेत भरावयाचा आशय विषय जाणणाऱ्यांनी एका टेबलाभोवती बसून ठरविला.

अशा केंद्रीकरणात धोका नाही असे मात्र कोणी समजू नये. सर्वांसाठी एकच यादी झाली की ती यादी ज्यांच्या ताब्यात जाते त्यांची सत्ता सर्व वर्गखोल्यांवर चालू लागते. २०२४च्या जानेवारीत फ्लोरिडाच्या शिक्षणविषयक मंडळांनी समाजशास्त्राचा प्रास्ताविक पाठ्यक्रम सामान्य शिक्षणाच्या राज्यव्यापी मूलभूत यादीतून वगळला, तेव्हा हे लख्ख दिसून आले. क्रमांक एक करणे आणि विचार एक करणे यांतील मर्यादारेषा ज्या राज्याला सांभाळता येत नाही, त्याने समान यादीच्या फंदात सावधपणेच पडावे.

कॅलिफोर्नियाची कथा निराळ्या वळणाची आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे अध्यक्ष क्लार्क कर यांच्या पुढाकाराने १९६० साली तेथे जी बृहद्योजना स्वीकारली गेली, तिने उच्च शिक्षणाचे तीन स्तर पाडले: वरच्या साडेबारा टक्के विद्यार्थ्यांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांशांसाठी राज्य महाविद्यालये, म्हणजे आजची कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, आणि कोणासही दार खुले अशी कम्युनिटी कॉलेजे. खालून वर येणाऱ्यांसाठी वरच्या दोन स्तरांनी जागा राखाव्यात, हे योजनेचे नैतिक अधिष्ठान. पण तिन्ही स्तरांना स्वतंत्र नियामक मंडळे, आणि कम्युनिटी कॉलेजांना तर आणखी स्थानिक जिल्हा मंडळे. शिवाय १८७९च्या राज्यघटनेने युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला अशी स्वायत्तता बहाल केली आहे, की श्रेयांकांच्या स्थलांतराचा कायदा करताना विधिमंडळ स्टेट युनिव्हर्सिटीस हुकूम करते, आणि या थोरल्या संस्थेस मात्र त्याच कायद्यात 'विनंती' करते. संस्थानी काळातील खलित्यांची आठवण व्हावी असा हा शिष्टाचार आहे.

परिणाम असा झाला, की शंभराहून अधिक कॉलेजांनी प्रत्येक विद्यापीठ-परिसराशी प्रत्येक विषयाचा स्वतंत्र तह करीत बसावे. या तहांच्या नोंदी ठेवणारे 'असिस्ट' नावाचे राज्यव्यापी कोष्टक १९८५पासून चालू आहे, आणि प्रत्येक संस्थेत अशा करारांचेच काम पाहणारा एक अधिकारी असतो. पण नोंद चोख ठेवल्याने तहांची संख्या काही कमी होत नाही. त्यातच युनिव्हर्सिटीच्या बहुतेक परिसरांत वर्षाचे तीन भाग पाडण्याची 'क्वार्टर' पद्धत, त्यामुळे कॉलेजातला एक श्रेयांक तेथे दीड होतो, आणि विद्यार्थी बेरजा करीत बसतो.

२०१० साली विधेयक क्रमांक १४४०ने या गुंत्यास पहिला मोठा छेद दिला. कम्युनिटी कॉलेजात ६० श्रेयांकांची 'स्थलांतर पदवी' मिळविणाऱ्यास स्टेट युनिव्हर्सिटीत प्रवेशाची हमी, आणि तेथे आणखी ६० श्रेयांकांत पदवी पुरी करून देण्याची जबाबदारी विद्यापीठावर. त्यासाठी प्रत्येक विषयाचा आदर्श अभ्यासक्रम दोन्ही स्तरांच्या अध्यापकांनी एकत्र बसून तयार केला. हमी स्टेट युनिव्हर्सिटीतील प्रवेशाची आहे, मनाजोगत्या परिसराची नाही, ही त्यातील मेख. आणि घरदार, नोकरी, मुलेबाळे सांभाळून शिकणाऱ्यास तीनशे मैलांवरची हमी फारशी उपयोगी पडत नाही. पुढे २०२१ साली आणखी दोन कायदे झाले. एकाने सामान्य शिक्षणाचे दोन वेगवेगळे मार्ग मोडून दोन्ही विद्यापीठांसाठी एकच मार्ग आखला. दुसऱ्याने कम्युनिटी कॉलेजांत समान क्रमांक सुरू केले. २०२५च्या शरद-सत्रात पहिले सहा पाठ्यक्रम त्या नव्या क्रमांकांनी शिकविले जाऊ लागले. फ्लोरिडाने जे अर्ध्या शतकापूर्वी केले तेथवर कॅलिफोर्निया आता पोचू लागले आहे, आणि विलंबाचे कारण पैसा नव्हे, तर तीन मंडळांचा मानपान होय, असे माझे मत आहे.

टेक्सासात सामान्य शिक्षणाचा ४२ श्रेयांकांचा समान गाभा आहे. इतर राज्यांचेही असेच लहानमोठे प्रयत्न आहेत, त्यांच्या तपशिलात शिरण्याचे प्रयोजन नाही. पाहण्याजोगी गोष्ट ही, की जेथे केवळ कायदा झाला आणि अध्यापक एकमेकांस भेटले नाहीत, तेथे 'ऐच्छिक' सदराची पळवाट उघडी राहिली. आणि जेथे अध्यापक भेटले पण सल्लागारांपर्यंत व मुलांपर्यंत बातमी पोचली नाही, तेथे चांगली व्यवस्था असूनही मुले चुकीचे विषय घेत राहिली.

हा विषय आता आपल्या दारात आला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१च्या जुलैत 'ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स'चे विनियम जारी केले. विद्यार्थ्याचे श्रेयांक त्याच्या खात्यात जमा राहावेत, जास्तीत जास्त सात वर्षे ते वापरता यावेत, आणि पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान निम्मे श्रेयांक मिळविलेले असावेत, अशी ती तजवीज आहे. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर श्रेयांकांची चौकट बरीचशी एकसारखी आखली गेली. परंतु चौकटीतला मजकूर अजून ज्या त्या विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाचा आहे. पुण्याचे अर्थशास्त्र नागपुरात कोणत्या पत्रिकेच्या जागी धरायचे, हे खात्यातली जमा पाहून कळत नाही. श्रेयांक जमा करणे सोपे झाले, वटविणे तेवढे सोपे झालेले नाही; स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रता प्रमाणपत्र यांच्या खिडक्यांपुढे उभे राहिलेल्या मुलामुलींस याची चव पुरती ठाऊक आहे. मुंबई, पुणे, नागपूर, नांदेड, कोल्हापूर येथील एकेका विषयाच्या अभ्यासमंडळांनी वर्षातून एकदा एकत्र बसून समकक्षतेचे तक्ते करावेत आणि ते प्रवेशापूर्वी सर्वांसाठी प्रसिद्ध करावेत, एवढे झाले तरी संगणकीय पेढीला अर्थ येईल. हे काम मंत्रालयातून एका परिपत्रकाने होणार नाही, आणि अध्यापकांवर सोडून दिले तर आपोआपही होणार नाही.

ते होईपर्यंत, ज्यांस कॉलेज बदलायचे आहे, मग ते परभणीहून पुण्यास असो की पुण्याहून परदेशी, त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. नव्या संस्थेत 'आमचे श्रेयांक घेणार का' असे न विचारता 'मुख्य विषयात धरणार की ऐच्छिकात' असे विचारावे आणि उत्तर लेखी मागावे. आणि ज्या ज्या पत्रिका उत्तीर्ण झाल्या त्यांच्या अभ्यासक्रमाच्या प्रती जुन्या कॉलेजाच्या शिक्क्यासह, कॉलेज सोडण्यापूर्वीच, मागून घ्याव्यात.