पिसांच्या पंखांचे पतंग

दिवेआगर पाहिलेल्या श्रोत्यांना तेथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या, केवडा आणि लांबच लांब पुळण आठवत असेल. अशा किनाऱ्यावरच्या गावात रात्री पडवीतल्या दिव्याजवळ भिंतीवर बसलेला एक जीव मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. तो जीव आहे असे वाटतच नाही. गवताची एक वाळकी काडी, तिच्या टोकाशी आडवी दुसरी काडी, इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी. फुंकर घातली की ती काडी संथपणे उडते आणि थोड्या अंतरावर पुन्हा काडी होऊन बसते. हाच पिसारी पतंग.

आडवी काडी म्हणजे त्याचे मिटलेले पंख. ते उलगडून भिंगाखाली धरले तर मोठे नवल दिसते. पुढचा प्रत्येक पंख दोन भागांत चिरलेला, मागचा प्रत्येक तीन भागांत. म्हणजे चार पंखांची दहा पिसे झाली. फाटक्या शिडाने होडी चालत नाही, मग फाटक्या पंखांनी हा उडतो कसा? उत्तर पिसांच्या कडांवर आहे. प्रत्येक पिसाला दोन्ही बाजूंनी लांब, केसांसारख्या खवल्यांची झालर असते. पंख पसरले की या झालरी मधल्या फटी बऱ्याच अंशी भरून काढतात. बसताना मागची तिन्ही पिसे घडी होऊन पुढच्या पंखाखाली जातात आणि सारे एका काडीएवढे होते. पक्ष्याच्या तोंडी न लागण्याची ही युक्ती किती नामी आहे!

स्वीडनच्या लिनियसने 1758 साली यांना नावे दिली ती बोटे मोजल्यासारखी: एकबोटी, दुबोटी, तिबोटी, अशी थेट सहाबोटीपर्यंत. गंमत अशी की ‘एकबोटी’चे पंखही चिरलेलेच असतात, बसताना ते गुंडाळलेले असल्यामुळे एकच बोट दिसते, इतकेच. ‘सहाबोटी’ तर पुढे वेगळ्याच कुळात गेली. तिच्या प्रत्येक पंखाची सहा पिसे, म्हणजे एकूण चोवीस; इंग्रजीत मात्र तिला वीस पिसांची म्हणतात. मोजणीचा हा घोळ तेथल्या लोकांनी अजून निस्तरलेला नाही.

आज जगभर पिसारी पतंगांच्या दीड हजारांहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. आपल्याकडच्या पुष्कळ जातींची ओळख दोन इंग्रजांमुळे झाली. एडवर्ड मेरिक हे शाळामास्तर होते. बेनब्रिग फ्लेचर हे आरमारात हिशेबनीस होते, आणि पुढे बिहारमधील पुसा येथे सरकारी कीटकशास्त्रज्ञ झाले. फ्लेचरांनी सिंहलद्वीपातील पिसारी पतंगांवर 1909 मध्ये लिहिले. याच कुळात काही जातींचे पंख अजिबात चिरलेले नसतात. त्यांतल्या एका जातीची अळी रताळ्याच्या वेलावर वाढते.

आणि खरी ओळख येथेच सुरू होते. पतंग सारे एकसारख्या काड्या, पण अळ्यांचे ताट मात्र वेगळे. एकीला घेटुळी, म्हणजे आपली पुनर्नवा लागते. दुसरी तर कीटक खाणाऱ्या वनस्पतीलाच खाते! कास पठारावर दवबिंदू नावाची जी चिमुकली कीटकभक्षी वनस्पती आहे, तिच्या परदेशी बहिणींवर ही अळी जगते. फ्लोरिडात टॉमस आयस्नर यांनी 1965 मध्ये सहकाऱ्यासह तिचे वर्णन प्रसिद्ध केले: ती आधी पानावरचे चिकट थेंब पिऊन टाकते आणि मग निर्धास्तपणे पान कुरतडते.

तिसरीचा मुक्काम घाणेरीच्या फुलांत असतो. माजलेल्या घाणेरीला आवर घालण्यासाठी 1902 मध्ये आल्बर्ट केबेले यांनी मेक्सिकोतून हवाई बेटांवर जे कीटक धाडले, त्यांत ही होती. पुढे ती हिंदुस्थानातही आढळली. अळी फुले खाते खरी. पण घाणेरी तिला पुरून उरली, हे कोकणातल्या कोणत्याही बांधावर पाहून घ्यावे.

चौथी मात्र आपल्या जेवणातच येते. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर रायगडात वाल घेतात. वाल आणि तूर या दोन्हींवर एक्झेलास्टिस ॲटोमोसा हा पिसारी पतंग कळ्यांवर व कोवळ्या शेंगांवर सुटी सुटी अंडी घालतो. अळी हिरवट तपकिरी, जेमतेम अर्ध्या इंचाची, अंगभर बारीक काटेरी लव. आधी ती शेंगेची साल खरवडते, मग भोक पाडते, आणि डोके आत घालून दाणा खाते. अंग बहुधा बाहेरच राहते. एवढ्यावरून तिला ओळखता येते. नुसत्या भोकावरून नाही, कारण घाटेअळीही शेंगा पोखरते.

ओळखण्याची गरज यासाठी की माघात याच शेंगा पोपटीच्या मडक्यात जातात. आठवड्याभरात तोडायच्या शेंगांवर जहाल औषध मारले, तर ते खाणाऱ्याच्या पोटात जाण्याचा धोका राहतो. शिवाय या अळ्यांच्या अंगात अंडी घालणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्याही त्यात मरतात. फुलकळीच्या वेळी पाच टक्के निंबोळी अर्क फवारणे आणि दिसतील त्या अळ्या वेचणे हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो. वेचताना एक ध्यानात ठेवावे. हिचा कोश रेशमात गुंडाळलेला नसतो. तो शेंगेवरच उघडा चिकटलेला, तपकिरी आणि लवदार असतो, आणि पुष्कळदा अळीच समजला जातो. काडीने डिवचला की जागा न सोडता तो नुसता वळवळतो. तोही अळ्यांबरोबरच काढून घ्यावा.