छातीतली फडफड

"अगं, छातीत काहीतरी फडफडतंय बघ," असं सासूबाई म्हणाल्या की आमचं उत्तर ठरलेलं, "पित्त झालं असेल, आई. जरा पडा." दहा-पंधरा मिनिटांत फडफड थांबायची नि आम्ही विसरायचो. एकदा ईसीजी काढला, तोही अगदी नॉर्मल! मग काय, विषयच मिटला.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांच्या उजव्या हातातून कपबशी निसटली. मी "असू दे" म्हटलं, तर त्यांना शब्दच धड फुटेना. तोंड वाकडं झालेलं. शेजारची मुलगी नर्सिंग शिकणारी, म्हणून निभावलं. "काकू, पाणी पाजू नका, आधी गाडी काढा!" तासाभरात स्कॅनची सोय असलेलं हॉस्पिटल गाठलं. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे मला तिथे कळलं.

खरं नवल पुढेच. गुठळी अडकली मेंदूत, पण तयार झाली होती हृदयात! दुसऱ्या रात्री मॉनिटरवर चोर सापडला. एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे लयीत आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते, तिथे रक्त साचतं, गोठतं आणि गुठळी सुटली तर मेंदूकडे जाऊ शकते. या आजारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट वाढतो. कित्येकांत तो येतो-जातो. फडफड नसताना काढलेला ईसीजी नॉर्मल दिसणारच की! आणि काहींना तर फडफड जाणवतही नाही.

तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली, रोज दोन वेळा. ॲस्पिरिनवर भागत नाही का, हेही मी विचारून घेतलं. नाही भागत.

आणि मैत्रिणींनो, गेल्या वर्षी झाडताना पलंगाखाली आठ दिवसांच्या गोळ्या सापडल्या! माझा तोल गेला. खूप बोलले त्यांना, आता वाईट वाटतं. दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं, म्हणून त्यांनी परस्परच गोळी बंद केली होती. म्हणाल्या, "रक्त येतं ते डोळ्यांना दिसतं गं, गुठळी कुठे दिसते?" यावर काय बोलणार! डॉक्टरांनी तपासलं, मऊ ब्रश सांगितला, गोळी मात्र चालूच ठेवली. या गोळीचा असर दिवसभरातच उतरतो म्हणे. आठ दिवस त्या नुसत्या नशिबावर होत्या.

आता रात्रीची गोळी देताना मी त्यांचं मनगट धरते, अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर. ठोके कधी घाईत, कधी रेंगाळत, कसलाच ताल नाही, असं वाटलं की डॉक्टरांना कळवायचं.

परवा त्यांनीच माझा हात ओढला. अजून शब्द सावकाश येतात त्यांचे. "आण... तुझीही बघू. पन्नाशी झाली ना?"