पिकअप वाढला, धुरात काय वाढले?

जुनी पद्मिनी किंवा ॲम्बेसेडर हौसेने सांभाळणारे लोक आजही आहेत. घाटात गाडी धापा टाकू लागली की ते मिस्त्रीकडे जातात. तो कार्बोरेटरमधला मेन जेट काढून थोडा मोठा बसवतो. गाडी लगेच पिकअप घेते, मालक खूश होतो.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पण इंजिनाची सर्वाधिक ताकद मिळते ती हवा १२.५ ते १३ किलोवर आणली की. पेट्रोल थोडे जास्त असल्याने सिलिंडरमधला ऑक्सिजन जवळपास सगळा वापरला जातो. फायदा मात्र जेमतेम काही टक्क्यांचा. उरलेल्या पेट्रोलला ऑक्सिजन पुरत नाही, ते अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. प्रमाण अचूक असताना धुरात तो एक टक्क्याच्या आसपास असतो; ताकदीसाठी पेट्रोल वाढवले की चार-पाच टक्क्यांवर जातो. जुन्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, त्यामुळे तो तसाच बाहेर पडतो.

पीयूसीत हे बहुधा दिसत नाही. जुन्या गाड्यांची तपासणी इंजिन नुसते चालू ठेवून होते. त्या वेळी पेट्रोल येते ते आयडलच्या वेगळ्या वाटेने, मोठ्या जेटमधून नव्हे. स्क्रू थोडा आवळला की प्रमाणपत्र हातात!

या वायूला रंग नाही, वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. बंद शटरआड चोक ओढून इंजिन तापवत ठेवले आणि खोलीतल्या हवेत त्याचे प्रमाण एक टक्क्यावर गेले, तर काही मिनिटांत मृत्यू येऊ शकतो. कमी प्रमाणात डोके दुखते, मळमळते, गरगरते. लोक पित्त समजून गोळी घेतात. गंजलेल्या सायलेन्सरमधून किंवा डिकीच्या फाटक्या रबरातून तो गाडीतही शिरतो. प्रवासात सगळ्यांचेच डोके एकदम दुखू लागले, तर ते पित्त नव्हे. हृदयरोगी आणि गर्भवतींना धोका अधिक.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे चक्क फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरलेलेच वाटते, आणि रोगी अत्यवस्थ असताना आकडा ९८ दिसू शकतो. खरे प्रमाण रक्ताच्या वेगळ्या तपासणीतच कळते. म्हणून ‘गाडी चालू होती’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिल्यास सुमारे दीड तास.

पेट्रोल फार तोडणेही बरे नाही. इंजिन तापते, व्हॉल्व्ह जळतात. प्लग काढून पाहावा: काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे कमी, फिकट तपकिरी म्हणजे ठीक. आणि ट्यूनिंग करायचे ते उघड्यावर. शटर अर्धे वर केलेले पुरत नाही.