फादर स्टीफन्स यांची दोन पत्रे

चर्चचे जुने दप्तर म्हणजे केवळ बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु धर्मोपदेशकांनी लिहिलेली पत्रे भाषेच्या इतिहासाचीही साधने ठरतात. फादर थॉमस स्टीफन्स यांची दोन पत्रे या दृष्टीने उल्लेखनीय आहेत.

हे इंग्रज जेझुइट पाद्री दिनांक २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोहोचले. त्यांच्या आयुष्याची पुढील सुमारे चाळीस वर्षे तेथेच, मुख्यत्वे साष्टी प्रांतात, व्यतीत झाली. १५८३ मध्ये त्यांनी आपले बंधू रिचर्ड यांना लॅटिनमध्ये एक पत्र लिहिले. येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्याशी जुळती आहे, असे निरीक्षण त्यात आढळते. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृतविषयी असाच विचार कलकत्ता येथे १७८६ मध्ये मांडला. म्हणजे त्यापूर्वी दोनशे वर्षे तो एका खाजगी पत्रात नमूद झालेला होता. येथील अक्षर व्यंजन व स्वर यांच्या संयोगाने बनते, हेही फादर स्टीफन्स यांनी त्यात टिपले आहे.

या निरीक्षणाची व्यावहारिक बाजू १६०८ च्या पत्रात दिसते. देशी लिपीत ग्रंथ छापण्याची अनुज्ञा त्यांनी आपल्या वरिष्ठांकडे मागितली व अडचणही सांगितली. रोमन लिपीस चोवीस अक्षरे पुरतात. येथील लिपीस मात्र सुमारे सहाशे साचे लागतात. हा हेतू सिद्धीस गेला नाही. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. मराठी ओवी रोमन लिपीत का अवतरली, या प्रश्नाचा मागोवा असा त्या पत्रापर्यंत पोहोचतो.

पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाही. १९०७ ची मंगळूर आवृत्ती सिद्ध झाली ती हस्तलिखित प्रतींच्या आधारे. छापील ग्रंथ नष्ट झाला, पण हाताने उतरलेल्या प्रतींनी तो राखला.

चर्च, मंदिरे, मठ व जुनी घराणी यांच्या संग्रही असलेल्या कागदांविषयी म्हणूनच दक्षता आवश्यक आहे. फाटलेल्या पत्रास चिकटपट्टी लावू नये, ते प्लास्टिकमध्ये कायमचे बंदिस्त करू नये, ओलाव्यापासून दूर ठेवावे आणि मूळ क्रम मोडू नये. दुरुस्तीपूर्वी अभिलेखागारातील तज्ज्ञांचा सल्ला घेणे श्रेयस्कर होय.