पथ्य, आग्रह आणि नकाराचे व्याकरण

मधुमेहाच्या किंवा स्थूलतेच्या रोग्याने आहारातील कर्बोदकांचे प्रमाण घटवावे, हा सल्ला आता नवा राहिलेला नाही. सल्ला देणे सोपे असते आणि पहिले आठ दिवस तो पाळणेही फारसे अवघड जात नाही. नवव्या दिवशी मात्र कोणाच्या तरी घरी हळद असते, सत्यनारायण असतो किंवा बढतीचे पेढे असतात, आणि पथ्य मोडते. अशा वेळी दोष ‘मनाच्या दुबळेपणा’ला देण्याची रीत आहे. या उपपत्तीत तथ्य असेल, पण ती अपुरी आहे. मराठी समाजात पथ्य मोडण्याचा प्रसंग बहुधा भुकेचा नसून संभाषणाचा असतो. एकजण ‘घ्या’ म्हणतो, दुसऱ्याला ‘नको’ म्हणावयाचे असते, आणि त्या ‘नको’ला कोणते व्याकरणिक रूप मिळते यावर पुष्कळ काही अवलंबून असते. पथ्याच्या या भाषिक अंगाचा विचार प्रस्तुत टिपणात केला आहे.

त्यासाठी नवी मुंबईतील कोपरखैरणे ही वस्ती सोयीची आहे, कारण दोन भिन्न अन्नसंस्कृती तेथे शेजारी शेजारी नांदतात. ठाणे खाडीच्या पूर्व काठचे हे मूळचे आगरी-कोळ्यांचे गाव. ‘आगरी’ हा शब्दच ‘आगर’ म्हणजे मिठागर किंवा खाजणातील शेत यावरून आलेला असून या समाजाचा जुना आधार मीठ, मासळी आणि भात हा होता. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, जमिनी संपादित झाल्या, आणि गावठाणाभोवती क्रमांक घातलेली सेक्टरे उभी राहिली. १९६९ च्या कायद्याने ज्यांच्या श्रमाला संरक्षण मिळाले त्या माथाडी कामगारांची पुष्कळ कुटुंबे या सेक्टरांत स्थायिक झाली. साताऱ्याकडच्या डोंगरी भागातून आलेल्या आणि बाजार समितीत पोती वाहणाऱ्या या माणसांचे अन्न म्हणजे ज्वारी-बाजरीची भाकरी. पाठीवर पोते होते तोवर त्या भाकरीचा हिशेब शरीर चुकता करीत असे. आज त्याच घरातील मुलगा संगणकासमोर नऊ तास बसतो. ताटातील भाकरी तेवढीच आहे, किंबहुना तिच्या जोडीला आता पावही आला आहे.

देशभरातील स्थिती याहून वेगळी नाही. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या विस्तृत पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. भारतीयाच्या रोजच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के भाग कर्बोदकांतून येतो, असे याच पाहणीच्या आधारे २०२५ साली दाखविले गेले. त्यापूर्वी २०२२ साली, सुमारे १८ हजार प्रौढांच्या आहाराच्या नोंदींवर गणिती प्रतिमान बसवून, नुकताच मधुमेह जडलेल्यांना तो परतवावयाचा असल्यास हे प्रमाण ४९ ते ५४ टक्क्यांपर्यंत खाली आणावे आणि प्रथिने वाढवावीत, असे सुचविण्यात आले होते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शास्त्र भात ‘टाका’ म्हणत नाही, ‘कमी करा’ म्हणते. या दोन क्रियापदांतील अंतरच पुढील विवेचनाचा गाभा आहे. (मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्याने वैद्याला न विचारता धान्य एकाएकी तोडू नये. साखर फार खाली जाण्याचा धोका खरा आहे.)

प्रथम ताटातील पदार्थांच्या नावांकडे पाहू. किनारपट्टीवर मासळीच्या वा मटणाच्या रश्शाला ‘कालवण’ म्हणतात, म्हणजे जे भातात कालवावयाचे ते. सातारा-कोल्हापूरकडे पातळ भाजीला ‘कोरड्यास’ म्हणतात. भाकरी कोरडी असते, तेव्हा त्या कोरडीस लावावयाचे ते कोरड्यास. शहरी प्रमाण मराठीत ‘तोंडी लावणे’ आहे, म्हणजे नुसते तोंडाला लावावयाचे. तिन्ही शब्दांची घडण पाहिली तर एकच गोष्ट दिसते. धान्येतर पदार्थाला स्वतःचे पद नाही. त्याची व्याख्या धान्याच्या संबंधाने होते, जणू ते विशेषण आणि भात-भाकरी हे विशेष्य. वाक्प्रचारांत तर भाकरी म्हणजे उपजीविकाच होय. भाकरीचा प्रश्न, मीठभाकर, आपल्या पोळीवर तूप ओढणे, शितावरून भाताची परीक्षा, हे सारे प्रयोग धान्याभोवती फिरतात. संस्कृतातही ‘अन्न’ शब्दाचा एक अर्थ शिजलेला भात असा आहेच. अशा भाषेत वाढलेल्या माणसाला कर्बोदके कमी कर असे सांगणे म्हणजे विशेष्य काढून विशेषणांवर वाक्य उभे कर असे सांगणे होय. वाटीभर उसळ, दोन अंडी आणि मासळीचे कालवण एवढे पोटात गेल्यावरही ‘जेवण झाले नाही’ असे जे वाटते, त्याचा काही भाग जठरात नसून शब्दार्थात असतो.

आता नकाराकडे वळू. ताटावर बसलेल्या माणसाला भात नाकारावयाचा आहे. मराठीत त्याच्यापुढे निदान पाच वाटा असतात. ‘डॉक्टरांनी भात बंद केला आहे’ या वाक्यात कर्ता डॉक्टर आहे आणि खाणारा वाक्यात कोठेच नाही. यजमानाने ‘डॉक्टर काय, सगळ्यांना तेच सांगतात’ असे म्हटले की वाक्याचा कर्ताच बाद होतो. ‘मला भात चालत नाही’ येथे व्याकरणदृष्ट्या कर्ता भात आहे आणि खाणारा चतुर्थीत, म्हणजे ज्याच्या बाबतीत गोष्ट घडते त्या जागी, बसला आहे. ‘मला भात खाता येत नाही’ यात असमर्थता आहे, आणि असमर्थतेची कीव करता येते. ‘मी भात खात नाही’ येथे कर्तरी प्रयोग असून काळ रीतीचा आहे. हे आजच्या ताटाविषयीचे विधान नसून माणसाविषयीचे आहे. अखेरचे ‘मी भात सोडला’ हे सर्वांत लक्षणीय. क्रियापद भाताच्या लिंगवचनानुसार चालते, तरी कृती निःसंशय ‘मी’ची आहे, आणि काळ पूर्ण झालेला आहे. झालेल्या कृतीवर वाटाघाट करण्यास यजमानाला जागा उरत नाही.

इंग्रजीत याच्याशी मिळताजुळता भेद तपासला गेला आहे. व्हेनेसा पॅट्रिक आणि हेन्रिक हाग्ट्वेट यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना मोहाच्या पदार्थापुढे ‘मला खाता येत नाही’ या अर्थाचा, तर इतरांना ‘मी खात नाही’ या अर्थाचा नकार स्वतःशी म्हणावयास सांगितले होते. नंतर चॉकलेट आणि पौष्टिक वडी यांतून निवड करावयाची वेळ आली तेव्हा पहिल्या गटातील ३९ टक्क्यांनी आणि दुसऱ्या गटातील ६४ टक्क्यांनी पौष्टिक वडी उचलली. प्रयोग उद्बोधक आहे. मात्र त्यातील निष्कर्ष मराठीला जसाच्या तसा लावणे घाईचे होईल. त्या प्रयोगात माणूस स्वतःशीच बोलतो, मराठी ताटावर तो यजमानाशी बोलतो. शिवाय मराठीतील ‘चालत नाही’ हे रूप मुळात दुबळे नाही. एकादशीच्या दिवशी ‘आज मला चालत नाही’ एवढे तीन-चार शब्द उच्चारताच वाढणारा हात मागे जातो. त्याच माणसाने दुसऱ्या दिवशी मधुमेहाच्या कारणाने तेच शब्द उच्चारले की उत्तर येते, ‘एवढ्याशाने काही होत नाही.’ रूप एकच आणि परिणाम उलट. अकर्तृक रचनेमागे कोण उभे आहे यावर तिचे बळ ठरते. एकादशीच्या मागे सारा समाज साक्षी असतो. प्रयोगशाळेतून आलेल्या रक्ताच्या अहवालामागे कोणीच नसते.

उपासाच्या भाषेतच एक सापळाही आहे. ‘उपासाला चालते’ ही यादी धान्याचे नाव पाहते, त्यातील पिष्ट पाहत नाही. साबुदाणा ज्यापासून करतात तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटाही तिकडचाच, आणि त्याचे नाव पोर्तुगिजांकडून आलेले. दोघेही परके असून उपासाला चालतात, आणि घरची ज्वारी चालत नाही. कोरड्या साबुदाण्याच्या १०० ग्रॅमांत ८५ ग्रॅमांहून अधिक कर्बोदके असतात आणि प्रथिने नाममात्र. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण रचणाऱ्याला हे आकडे ठाऊक नव्हते, पण ताट ठाऊक होते.

आग्रहाचे व्याकरण नकाराच्या व्याकरणाहून अधिक समृद्ध आहे, हे कबूल केले पाहिजे. त्याचे मुख्य शस्त्र परिमाण लहान करणे हे होय. अर्धी, चतकोर, नितकोर, घासभर, जरासे, तोंड गोड करण्यापुरते, असे मराठीत अपूर्णांकांचे शब्द विपुल आहेत, आणि प्रत्येक शब्द पथ्य करणाऱ्याला सांगतो की हे ‘खाणे’ नव्हेच. दुसरे शस्त्र पदार्थाचे नाव बदलणे. शिरा नाकारता येतो, प्रसाद नाकारता येत नाही. पेढा नाकारता येतो, ‘मुलाच्या नोकरीचे पेढे’ नाकारले तर तो मुलाच्या नोकरीचा अपमान होतो. या शस्त्रांपुढे ‘मी भात कमी केला आहे’ हे वाक्य सर्वांत निरुपयोगी ठरते, कारण ‘कमी’ला सीमा नाही. ‘कमी केलाय ना? मग थोडाच वाढते’ हे त्यावरचे तर्कदृष्ट्या अगदी निर्दोष उत्तर होय.

अडचण अशी की शास्त्र कमी करावयास सांगते आणि भाषा फक्त सोडणाऱ्याला संरक्षण देते. चातुर्मासात कांदा-वांगे सोडणारा, काशीस जाऊन आवडीचे फळ सोडून येणारा, गळ्यात माळ घालून मांसाहार सोडणारा, यांना कोणी आग्रह करीत नाही. माथाडी वस्तीत वारकरी पुष्कळ आहेत. आगरी शेजाऱ्याच्या हळदीला गेलेल्या माळकऱ्याच्या पानात कालवण पडत नाही, आणि तसे न पडल्याने कोणाचा अपमानही होत नाही. ‘माळकरी’ हे नाम त्याच्या वतीने बोलते. ‘मधुमेही’ हेही नामच आहे, परंतु ते व्रताचे नसून व्याधीचे आहे, आणि व्याधिग्रस्ताला मराठी माणूस मायेने खाऊ घालतो.

या कोंडीतून मार्ग कसा निघतो हे पाहण्यासारखे आहे. परिमाणाचा नियम वेळेच्या नियमात बदलला की ‘कमी’चे ‘नाही’ होते. ‘भात थोडा खातो’ याऐवजी ‘रात्री भात खात नाही’ असे म्हटले की दिवसाच्या एकूण कर्बोदकांत घट होते आणि वाक्य मात्र निरपवाद राहते. ही युक्ती नवी नाही. एकभुक्त आणि नक्त ही व्रतांची जुनी नावे नेमके हेच करतात. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी जो आहारक्रम लोकप्रिय केला, त्याचे मूळ नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांच्या व्याख्यानांत आहे. त्या क्रमाचा गाभाही वेळेचाच आहे. दिवसातून दोनदाच जेवावे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत आटोपावे आणि मध्ये काही खाऊ नये. हा काटेकोर अर्थाने अल्पकर्बोदक आहार नव्हे, आणि त्याच्या वैद्यकीय बाजूविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. भाषेच्या दृष्टीने मात्र त्याने एक गोष्ट साधली. ‘माझे दीक्षित चालू आहे’ असे वाक्य मराठीत रुळले. विशेषनामाचे व्रतनाम झाले, आणि चार वाजता चहाबरोबर बिस्किट पुढे करणाऱ्याला ते कळते. इतिहासात याला पूर्वोदाहरण आहे. लंडनच्या विल्यम बँटिंग या स्थूल गृहस्थाने पाव, साखर व बटाटे वर्ज्य करून वजन उतरविल्याची हकीकत १८६३ साली छापली. त्याच्या आडनावापासून इंग्रजीत क्रियापद तयार झाले, आणि स्वीडिश भाषेत ‘बांता’ हे क्रियापद आजही वजन उतरविण्यासाठी आहार घटविणे या अर्थी चालते.

‘पथ्य’ हा आपला जुना शब्द ‘पथिन्’ म्हणजे वाट यावरून आला आहे. चरकाने पथ्याची जी व्याख्या केली तीत शरीराच्या मार्गाला सोडून न जाणे एवढेच सांगितलेले नाही, मनाला प्रिय असणेही सांगितले आहे. व्याख्येचे हे दुसरे अंग व्यवहारात पार विसरले गेले, आणि पथ्याचे म्हणजे बेचव, असे समीकरण रूढ झाले. खाडीकाठच्या स्वयंपाकघरात तरी या समीकरणाला आधार नाही. तेथील मासळीचे कालवण मनाला प्रिय आहे आणि पथ्यालाही सोयीचे आहे.

पण एवढ्यावर प्रश्न मिटत नाही. पंगतीत बसून ‘भाकरी नको, कालवण वाढा’ असे म्हणून पाहावे. वाक्य व्याकरणशुद्ध आहे, परंतु कानाला उद्धट लागते. कारण भाकरी स्वस्त असते आणि कालवण महाग. कोरडीला लावण्यापुरतेच कोरड्यास घ्यावे हा संकेत काटकसरीतून जन्मला, आणि शब्दांच्या घडणीत जाऊन बसला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये पात्र कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते, आणि २०२३ पासून ते विनामूल्य आहे. मासळी, अंडी आणि डाळ मात्र पैसे मोजून आणावी लागते. निवृत्त माथाडी कामगाराच्या घरी दोन भाकऱ्यांऐवजी एक भाकरी आणि दोन वाट्या कोरड्यास असे ताट वाढावयाचे, तर तो दुसरी वाटी कोणाच्या वाटणीतून आली हे आधी पाहतो, आणि बहुधा दुसरी भाकरी मागून घेतो.