सॉलिसिटर होण्याचा मार्ग : पदवी आणि उमेदवारी

बोरगाव हे बेळगाव जिल्ह्याच्या निपाणी तालुक्यातील, महाराष्ट्राच्या सीमेलगतचे गाव. तंबाखू व उसाच्या उत्पन्नावर संसार चालविणाऱ्या येथील कुटुंबांना मुलामुलींच्या दीर्घ शिक्षणाचा भार सहजी पेलत नाही. त्यामुळे महाविद्यालयात न जाता एखाद्या वकिलाच्या कचेरीत काम करीत वकील किंवा सॉलिसिटर होता येईल काय, असा प्रश्न पालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी या व्यवसायाची पूर्वपीठिका पाहणे आवश्यक आहे.

मुंबईची परंपरा

मुंबई उच्च न्यायालयाची स्थापना 1862 मध्ये झाली. या न्यायालयाच्या ‘ओरिजिनल साइड’वर इंग्लंडच्या धर्तीवर द्विस्तरीय पद्धती होती. पक्षकाराशी बोलणे, कागदपत्रे तयार करणे व दावा चालविण्याची सिद्धता करणे ही कामे सॉलिसिटरची. न्यायासनासमोर युक्तिवाद करणे हे अ‍ॅडव्होकेटचे काम. सॉलिसिटर होऊ इच्छिणाऱ्यास अनुभवी सॉलिसिटरकडे करारपूर्वक उमेदवारी करावी लागे. अशा उमेदवारास ‘आर्टिकल्ड क्लार्क’ म्हणत. मालमत्तेच्या हक्काचा शोध घेणे, खरेदीखत, गहाणखत व मृत्युपत्र यांचे मसुदे करणे, अशिलाची हकीकत नेमकी लिहून घेणे ही विद्या तो प्रत्यक्ष कामातून शिके. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळ गंगाधर खेर हे याच व्यवसायातील होते. ते मुख्यमंत्री असताना बेळगाव जिल्हाही मुंबई राज्यातच होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी तो तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला.

कायद्यातील बदल

1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने देशभर अ‍ॅडव्होकेट हा एकच वर्ग निर्माण केला. मुंबईतील द्विस्तरीय पद्धती मात्र 1 जानेवारी 1977 पर्यंत टिकली. त्यानंतर सॉलिसिटर ही कायद्याने वेगळी श्रेणी उरली नाही. तथापि बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीने उमेदवारीची व परीक्षेची परंपरा पुढे चालविली. ही परीक्षा पदवीची जागा घेणारी नसून कायद्याच्या शिक्षणानंतरची विशेष पात्रता आहे, हे ध्यानात घ्यावे.

सर्वसाधारण वकिलांसाठीही 1961 च्या कायद्यात प्रशिक्षण व परीक्षेची अट होती. ती 1974 मध्ये वगळण्यात आली. बार कौन्सिल ऑफ इंडियाने 1995 मध्ये नियम करून एक वर्षाची उमेदवारी पुन्हा सक्तीची केली. परंतु सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये ते नियम रद्द ठरविले. सारांश, आज भारतात पदवीवाचून सनद मिळत नाही आणि सनदेसाठी उमेदवारी सक्तीची नाही.

इंग्लंडमधील नवी व्यवस्था

इंग्लंडमध्ये पूर्वी उमेदवारास ठेवून घेण्यासाठी पालकांना सॉलिसिटरला मोठी रक्कम द्यावी लागे. आता तेथे नेमका उलट प्रकार आहे. गेल्या दशकात सुरू झालेल्या सॉलिसिटर अप्रेंटिसशिप योजनेत शालेय शिक्षण संपविलेला तरुण कचेरीत वेतनावर काम करतो, कामाच्या वेळातच अभ्यास करतो आणि साधारणतः सहा वर्षांनी 2021 पासून लागू झालेली पात्रता परीक्षा देऊन सॉलिसिटर होतो. पूर्णवेळ विद्यापीठात न जाता या व्यवसायात येण्याचा असा मार्ग भारतात उपलब्ध नाही; म्हणून त्याच्या भरवशावर कोणी वर्षे वाया घालवू नयेत.

सीमाभागातील विद्यार्थ्यांसाठी

बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा कोणत्याही पदवीनंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम असे दोन मार्ग आहेत. पत्रद्वारा मिळविलेली विधी पदवी सनदेसाठी चालत नाही. कोल्हापूरचे शहाजी विधी महाविद्यालय व बेळगावचे राजा लखमगौडा विधी महाविद्यालय ही या भागातील जुनी महाविद्यालये होत. 2008 च्या नियमांनुसार शिक्षणकाळातच तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवडे व पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो. पदवीनंतर राज्याच्या बार कौन्सिलकडे नोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा हे टप्पे येतात. नोंदणीच्या वेळी कायद्यात ठरविल्यापेक्षा अधिक शुल्क घेता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 30 जुलै 2024 रोजी दिला. त्यानुसार सर्वसाधारण उमेदवारास 750 रुपये, तर अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास 125 रुपये शुल्क आहे. कोल्हापुरात पदवी घेतलेल्यास कर्नाटकातही नोंदणी करता येते.

उमेदवारी सक्तीची नसली तरी तिचे मोल कमी झालेले नाही. बोरगावसारख्या गावातील जमिनीचे जुने कागद मराठीत, क्वचित मोडीत असतात; आजचे उतारे कन्नडमध्ये आणि उच्च न्यायालयाचे निवाडे इंग्रजीत असतात. हे सारे जुळवून वाचण्याची हातोटी कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळत नाही. निपाणी किंवा चिकोडीच्या न्यायालयात ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली काही वर्षे काढल्यानेच ती येते. दिवाणी न्यायाधीशाच्या प्रवेशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 रोजी पुन्हा लागू केली, तिच्यामागेही हाच अनुभव आहे. पदवी सनद मिळवून देते. पण अशिलाने विश्वासाने हाती दिलेले शेताचे कागद सांभाळण्याची योग्यता उमेदवारीतूनच येते.